आर्गोसमोर ‘बास’ म्हणू नये

शेजारच्या फ्राऊ हेगेले, म्हणजे हेगेलेबाई, नसत्या, तर आर्गो आज बेवारस कुत्र्यांच्या आश्रमात असता आणि मी बहुधा कराडला. म्हणून आधी त्यांचं नाव घेतलं. काय घडलं ते नंतर सांगितलं तरी चालेल, कारण त्यात माझीच शोभा आहे.

मी जर्मनीत, बोब्लिंगेनला ताईकडे राहतो. ताईचे यजमान, म्हणजे आमचे येन्स दाजी, जर्मन आहेत. (मी ‘दाजी’ म्हणून हाक मारली की ते ‘या?’ म्हणतात. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो, बोल’. पहिल्या आठवड्यात मी खरंच उठून त्यांच्यासमोर जायचो.) शाळा मी नववीत सोडली आणि आचाऱ्यांच्या हाताखाली वाढलो. इथे एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळतो. काम संध्याकाळचं, त्यामुळे दुपारी घरात मी आणि लाडू. लाडू हा ताईचा कुत्रा. आकाराने नावाला जागलेला.

त्यात आर्गो आला. हे घर मूळ दाजींच्या वडिलांचं. ते वृद्धाश्रमात राहायला गेले, तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून त्यांचा आर्गो आमच्याकडे आला. कमरेएवढा उंच, काळ्या पाठीचा, तोंडावर सदैव कुणीतरी गेल्यासारखा भाव. दर रविवारी म्हातारबाबा व्हिडिओ कॉल करायचे आणि मुलाला, सुनेला ओलांडून एकच विचारायचे, “आर्गो कुठे आहे?” आर्गो फोनला नाक लावायचा. पलीकडे म्हातारबाबांना फक्त एक ओली नाकपुडी दिसायची, पण तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

मला आर्गोबद्दल आपुलकी वाटली. दोघेही घरात उशिरा आलेले, दोघेही दाखवली त्या जागी झोपणारे आणि दोघेही दारावरची बेल वाजली की दचकणारे.

लाडूला मात्र तो आवडला नाही. दोघं लांबून गुरगुरायची. आमच्या गावी दोन घरांत बोलणं बंद झालं की आई त्यांना एका पंगतीला बसवायची. मीही तेच केलं. दोन वाडगी समोरासमोर मांडली, भात कालवला, वर चिकनचे तुकडे, आणि मध्ये उभा राहून दोघांना आग्रह करू लागलो. लाडूने स्वतःचं संपवलं आणि पाहुण्याच्या पानात तोंड घातलं. आर्गो गुरगुरला. नुसता गुरगुरला. त्यावर आपल्याकडचा कोणताही माणूस जे म्हणेल, तेच मी म्हटलं.

“बास!”

आर्गो लाडूवर तुटून पडला.

“बास, आर्गो! बास! बास!”

मी जितका जीव तोडून सांगत होतो, तितका तो जीव लावून चावत होता. मी मध्ये हात घातला. हाताला चावला तो लाडू. ज्याला वाचवायला गेलो, तोच.

लाडूच्या कानाला टाके पडले. माझ्या हाताला पट्टी बांधली आणि हॉटेलात नान दुसरा कुणी लावू लागला. पुढच्या दुपारी पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरही होत राहिलं. गंमत अशी, की दाजी किंवा ताई घरात असली की काही होत नसे. गुरगुर व्हायची, दाजी हळूच ‘आउस’ म्हणायचे, संपलं.

“संज्या, तू त्यांना काही करतोस का?” ताईने विचारलं.

“मी कशाला काय करू? मी तर सोडवायला जातो.”

“मग हे असताना का होत नाही?”

“दाजींना घाबरत असतील.”

“ह्यांना? ह्यांना आमच्या कुंडीतली तुळससुद्धा घाबरत नाही. ते तुझ्या अंगाच्या तंदुरीच्या वासाने पिसाळतात.”

मग मी दुपारी दोनदा आंघोळ करू लागलो. कुत्री भांडतच राहिली, फक्त आता मी स्वच्छ असताना भांडायची.

शेवटी एका संध्याकाळी दाजी म्हणाले, “मग शनिवारी आर्गोला टीअरहाइमला नेऊ.” टीअरहाइम म्हणजे कुत्र्यांचा तो आश्रम. हे बोलताना ते एक घासून झालेलं पातेलं पुन्हा घासत होते.

“आणि बाबांना काय सांगायचं?” ताई म्हणाली.

दाजींनी पातेलं तिसऱ्यांदा घासायला घेतलं. मग ताई माझ्याकडे वळली. “तू मनाला लावून घेऊ नकोस.” आमच्या घरात हे वाक्य मनाला लावून घेण्यासारखं काही असलं तरच म्हणतात. मी खोलीत जाऊन बॅगेची चेन चालते का ते बघून आलो.

शुक्रवारी दुपारी दोघांना बागेत सोडलं. एका जुन्या चेंडूवरून सुरू झालं. आर्गोने लाडूला उताणा पाडला. मी टाचा उंचावून ओरडत होतो, “बास रे बास! बास!” तेवढ्यात कुंपणावरून पाण्याचा जोरदार फवारा आला. आधी माझ्यावर, मग कुत्र्यांवर. आणि पाठोपाठ एक शब्द.

“आउस!”

आर्गोने लाडूला सोडलं आणि बसला. मीही बसलो.

कुंपणापलीकडे नळी धरून फ्राऊ हेगेले उभ्या होत्या. वय सत्तरीपुढचं, चष्मा साखळीला. आमची ओळख एवढीच, की चुकीच्या कचऱ्यात टाकलेली दह्याची डबी त्यांनी एकदा धुऊन मला परत आणून दिली होती.

“हेर जाधव,” (हेर म्हणजे श्रीयुत) त्या तुटक इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी म्हणाल्या, “तुम्ही रोज दुपारी या कुत्र्याला चावायला का सांगता?”

“मी? मी तर थांबायला सांगतो.”

“नाही. तुम्ही ‘फास’ म्हणता. मी रोज ऐकते. सगळी गल्ली ऐकते.”

“मी ‘बास’ म्हणतो. बास म्हणजे पुरे.”

“आणि फास म्हणजे धर, चाव. याचा मालक लाकडाच्या वखारीवर राखणदार होता. हाताला पोतं गुंडाळून याच बागेत तो त्याला हे शिकवायचा. मी पाहिलंय.”

मी आर्गोकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, पुढचा हुकूम काय म्हणून. बिचारा इतके दिवस माझं ऐकत होता! साऱ्या घरात माझा शब्द खाली पडू न देणारा तो एकटाच. (आमच्याकडे फास गळ्याला लागतो. तोही लागलाच होता, फक्त माझ्या.)

मग कळलं, की गल्लीची खात्रीच झाली होती : हा भारतीय माणूस दुपारी कुत्र्यांच्या झुंजी लावतो. तक्रार लिहायचं ठरत होतं.

“मी म्हटलं, आधी त्याला विचारू या,” फ्राऊ हेगेले म्हणाल्या.

आमच्या गल्लीत आधी कुणी विचारत नाही, आधी लिहितात. त्यांनी विचारलं.

संध्याकाळी दाजींना सांगितलं. ते जिन्याच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. शनिवारी कुणी कुठे गेलं नाही.

फक्त शब्दाने भागलं नाही. फ्राऊ हेगेलेंनी पंगत बंद केली. जेवण दोन खोल्यांत, दारं लावून. चेंडू, हाडं उचलून कपाटात. मध्ये हात घालायचा नाही. आणि फिरायला रोज एकाच दिशेने : लाडूला घेऊन त्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, आर्गोला घेऊन मी अलीकडच्या कडेने, हळूहळू अंतर कमी करत. आता दोघं एका खोलीत झोपतात, मध्ये टेबल ठेवून. मैत्री म्हणता येणार नाही, पण भाऊबंदांइतपत जमतं. रविवारी फोनवर कधीकधी दोन नाकपुड्या दिसतात.

‘बास’ हा शब्द ताईने घरातून हद्दपार केला. “पुरे म्हण,” ती सांगते. पण फ्राऊ हेगेले आम्हाला केक खायला बोलावतात, आर्गो टेबलाखाली असतो, त्या तिसरा तुकडा वाढतात, आणि माझ्या तोंडात ‘बा’ येऊन अडकतं. ‘पुरे’ त्यांना कळत नाही. मी खातो. माझी पॅन्ट मला होत नाही.

याची परतफेड मी एक दिवस करणार आहे. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसवीन, कुत्री दोन खोल्यांत ठेवीन, आणि वाढत राहीन. त्या ‘गेनूक’ म्हणतील. गेनूक म्हणजे पुरे, एवढं मला आता समजतं. पण मला जर्मन समजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा मी वाढतच राहीन.