आवणीची गोळी

आमच्या गंजाडच्या पाड्यावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, एकमेकांच्या मदतीने होते. आज सगळ्या बायका आमच्या शेतात, उद्या आमच्या घरचं एक माणूस त्यांच्या शेतात. ज्याचं शेत त्याने दुपारचं जेवण द्यायचं आणि संध्याकाळी चहाबरोबर प्रत्येकीच्या हातावर अंगदुखीची एक गोळी ठेवायची. हा रिवाज कोणी सुरू केला देव जाणे. गोळी न देणारं घर चिंगूस ठरतं.

आईला तर या गोळीची सवयच लागली होती. आवणी संपली तरी पाठ दुखतेच, मग सकाळी रिकाम्या पोटी एक, संध्याकाळी एक. उन्हाळ्यात तिला शौचाला काळं होऊ लागलं, चेहरा पांढराफटक पडला. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी पोटात जखम झालीय, आतून रक्त जातंय. ही गोळी कायमची बंद, दुखलं तर आधी मला विचारा.

त्याच सुमारास पाड्यावर जनजागृतीचा कार्यक्रम झाला. माइकवरचे साहेब तासभर 'वेदनाशामक औषधांचा अतिवापर' घोळवत बसले. बायकांनी माना डोलावल्या. आपल्या अंगदुखीच्या गोळीबद्दलच ते बोलतायत, हे एकीलाही कळलं नाही. तो माइक हिसकावून घ्यावा इतका मला राग आला होता.

यंदा आमच्या आवणीला मी वाणगावहून, सासरहून आले. गोळ्या मुद्दाम आणल्या नाहीत. चहाबरोबर गरम भजी केली. बायकांनी भजी खाल्ली, चहा प्यायला आणि बसून राहिल्या.

"बाय, यंदा गोळी नाय?" शेजारच्या काकीने विचारलं.

"नाय काकी. आईचं काय झालं बघितलंत ना?"

तेवढ्यात आई घरातून पाकिटं घेऊन आली. अर्धी रिकामी होती. म्हणजे हिचं लपूनछपून चालूच होतं.

"पोरीचा ऐकू नका. घ्या."

कोणी हात पुढे करेना. तेव्हा तिने एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. "बघा, मना काय झाला?"

मी तिचा हात धरला, तर तिने सगळ्यांदेखत झिडकारला. मग सगळ्यांनी घेतल्या. माझी आई घराच्या नावापुढे स्वतःच्या पोटाला काही किंमत देत नाही, याची मला आजही चीड येते.

दोन-तीन दिवसांत तिला रक्ताची उलटी झाली. तिला डहाणूला दवाखान्यात ठेवलं, भाऊ तिच्याजवळ थांबला. इकडे काकीच्या आवणीला आमच्या घरचं माणूस हवंच होतं, म्हणून मी गेले. दिवसभर चिखलात वाकून राहिले. संध्याकाळी काकीने आईची चौकशी केली, डोळे पुसले, चहा दिला. मग माझ्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"एक तुझी," ती म्हणाली, "आन ही आयेची. बरी होऊन आली का दे तिला."