पिकअपकाकूंचे नवे दिवे

पिकअपकाकूंना त्या दिवशी सकाळपासून दम धरवत नव्हता. चहा कपातच गार झाला, आणि गाडीसाठी आणलेल्या लख्ख एलईडी बल्बांचा पुडा तीनदा उघडून तीनदा बंद झाला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण उत्साह असा की विचारू नका!

कारणही तसंच होतं. काकूंचा धंदा रोपांचा. नर्सरीत कुंड्या भरायच्या आणि पिकअप स्वतः चालवत घरोघरी पोचवायच्या. पण तीन महिन्यांत दोनदा कुणीतरी मागून ठोकलं. दोन्ही वेळा मागच्याचं एकच म्हणणं, "बाई, तुमचे ब्रेकचे दिवे दिसलेच नाहीत हो!" दुसऱ्या वेळी चौदा कुंड्यांचा चुरा झाला आणि लेकीने निकालच लावून टाकला. "आई, आता तिसऱ्यांदा ठोकलं ना, तर चावी माझ्या कपाटात. वय झालंय तुझं."

वय झालंय! काकूंना ते असं झोंबलं की आठ दिवस त्या लेकीशी धड बोलल्या नाहीत.

ही चावी त्यांना काही सुखासुखी मिळाली नव्हती. आधी तीस वर्षं काका गाडी चालवायचे. मग काकांच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी कट्टी घेतली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी काकूंनी स्टेअरिंग धरलं. लोक हसले. पहिल्याच आठवड्यात काकूंनी नर्सरीच्या फाटकाचा खांब आडवा केला, तेव्हा आणखी हसले. आता हसायची कोणाची छाती नाही. काकांकडे एकच काम उरलं होतं. रोज निघण्याआधी काकू ब्रेक दाबणार, काका गाडीमागे उभे राहून ओरडणार, "लागले!" कधीकधी तर काकूंचा पाय पेडलला टेकायच्या आत ओरडायचे.

बल्ब देताना दुकानदाराने बजावलं होतं, इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशरही बदला, नाहीतर नव्या बल्बांनी टिकटिक घाईची होईल. पण उत्साहाच्या भरात ऐकतंय कोण! काकूंनी चारही इंडिकेटरचे बल्ब बसवले, दांडी खाली ओढली, आणि टिकटिकटिकटिक! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"एक बल्ब गेलाय!" मागून काका ओरडले. टिकटिक घाईची झाली की बल्ब गेला, ही त्यांची तीस वर्षांची विद्या.

काकू उतरून बघतात तर पुढचा-मागचा दोन्ही झकास चमकतायत. "अहो, तुमच्या नाकासमोर लागलाय की!"

"मी कानाने सांगितलं," काका म्हणाले.

काकूंना हसू आलं. डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी दुकानदाराने दिलेला नवा फ्लॅशर बसवला आणि टिकटिक ताळ्यावर आली.

मग ब्रेकचे दिवे. स्क्रू काढून काकूंनी लाल काच उघडली. पहिला जुना बल्ब पिवळा पडलेला. दुसरा तर आतून काळाकुट्ट, तार तुटलेली.

"हा कधीचा गेलाय हो? काल तर 'लागले' म्हणालात!"

"आत्ताच गेला असेल," काका पुटपुटले आणि खिशात नसलेला रुमाल शोधू लागले.

काकूंनी नवे बल्ब बसवले, धावतच जाऊन सीटवर बसल्या आणि ब्रेक दाबला. मागून आवाज नाही.

"अहो, लागले का?"

काहीच नाही. काकूंनी पेडल आणखी जोरात दाबलं. गेली चावी!

"दिसले!" काकांचा आवाज चिरकला. "अगं, दिसले! लाल! दोन्ही! पाय काढ... गेले! दाब... आले! अगं, मला दिसतायत गं!"

काकूंनी आनंदाने पाच-सहा वेळा ब्रेक दाबला. काका मागे त्या गुडघ्यानिशी टाळ्या पिटत होते. मग काकूंचा पाय थांबला. दिसले? त्या खाली उतरल्या.

"म्हणजे आधी दिसत नव्हते?"

काका वाकून गुडघा चोळू लागले.

"किती दिवस?"

"वर्ष होत आलं. सगळं धुरकट दिसतं."

"आणि रोज बोंबलत होतात, लागले, लागले! दोनदा ठोकली गेली माझी गाडी. लेक मला म्हातारी म्हणाली! सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं," काका जमिनीकडे बघत म्हणाले, "तर मागे उभं तरी केलं असतंस का मला?"

काकूंना राग आला होता, चांगला सणसणीत आला होता; पण डोळे भरून आले, त्याला काय करणार! त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"बसा."

"अगं, माझा गुडघा..."

"ब्रेक उजव्या पायाने दाबतात. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि लेकीला सगळं तुम्हीच सांगायचं. तोवर मागे मी उभी राहणार."

सात वर्षांनी काका स्टेअरिंगमागे बसले. सीट मागे सरकवायचंही त्यांना सुचलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ते नुसते समोर बघत राहिले. काकू गाडीमागे गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "हं, दाबा!"