तेरवी आणि नोंदणीचा आठवडा

माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण तोडलं गेलं ते बाबांच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तिनं मोबाइलवर विद्यापीठाचं पोर्टल उघडलं, तर तिच्या नावापुढे लिहिलेलं: नोंदणी खंडित. अंगणात तेरवीची भांडी अजून घासायची पडली होती. तोडणारं कोण, तर दुसऱ्या राज्यातलं एक ख्रिस्ती विद्यापीठ. उद्यानविद्येच्या पदवीची दोन वर्षं तिनं तिथं पूर्ण केली होती. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. नाव आलं की लोक धर्मावर भांडत बसतात आणि पोरगी बाजूला राहते. माझं भांडण त्यांच्या एका नियमाशी आहे.

आम्ही शेलूबाजारजवळचे भाजीवाले. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बहिणीचं सरकारी कृषी महाविद्यालय थोडक्यात हुकलं आणि या विद्यापीठात नंबर लागला, तेव्हा शेजारचे काका बाबांना भर रस्त्यात म्हणाले, "वांगे लावाले शिकाले इतक्या दूर कायले धाडतं गा पोट्टीले? माह्या वावरात धाड, फुकट शिकवतो."

"तुह्या वांग्याले कीड हाय," बाबा म्हणाले, "म्हणूनच दूर धाडून राह्यलो."

प्रवेशाचे नियम त्यांनी आधीच सांगितले होते, ते मान्य करते. काही जागा चर्चच्या मुलांसाठी, बाकीच्या गुणांवर सगळ्यांसाठी. सकाळच्या प्रार्थनासभेला मात्र प्रत्येकानं बसायचं, मग तो कोणत्याही धर्माचा असो. माय जरा चरकली. बाबा बहिणीला म्हणाले, "देवाचंच नाव घेतात ना? मंग बसजो. झोपू नको फक्त." ती बसली. दोन वर्षांत तिला त्यांची गाणी पाठ झाली, आणि सुट्टीत ती भेंडी तोडताना तीच गुणगुणायची.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठानं उद्यानविद्येचे नवे प्रवेश बंद केले. मुलं मिळत नव्हती. आत असलेल्यांना पदवी पूर्ण करता येईल, अट एकच: दर सत्राची नोंदणी स्वतः, ठरल्या आठवड्यात, खंड न पडता. हिची बॅच शेवटची. हिला कुठं सोडून जायचं होतं? त्यामुळे ती अट आपल्यासाठी आहे असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे बोललेलं पुरतं. बाबांचा माल जीपनं वाशिमच्या बाजारात जायचा. जायचा नसेल तेव्हा ड्रायव्हरजवळ निरोप: "अडत्याले सांगजो, सध्या माल नाही येत." मायच्या ऑपरेशनच्या वेळी पंधरवडाभर बाबा बाजारात फिरकले नाहीत, तरी अडत्यानं त्यांच्या जागेवर दुसऱ्याचं एक क्रेट उतरू दिलं नाही. कोणी काही लिहून दिलं नव्हतं. बाबांनी कळवलं होतं, एवढंच.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून बहीण हॉस्टेलवर पोचली आणि इकडे बाबा विहिरीवर मोटार सुरू करायला गेले ते विजेच्या स्टार्टरला चिकटले, तिथंच गेले. फोन मीच केला. ती थेट वॉर्डन मॅडमकडे गेली. त्या बाईंनी तिला कुशीत घेतलं, तिच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली, डबा बांधून दिला आणि स्वतः स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. गाडी हलताना म्हणाल्या, "जाओ बेटा, तुम्हारी जगह कहीं नहीं जाती."

घरी मोठ्या काकांनी विचारलं, "कॉलेजात सांगून आली ना?"

"वॉर्डन मॅडमले सांगतलं."

"मंग झालं."

झालं, असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. तेरवी आवरेपर्यंत नोंदणीचा आठवडा निघून गेला होता.

आम्ही दोघी तिकडे गेलो. मी विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, फाटकांवर उभी राहून वाटते, कार्यालयांची मला भीती वाटत नाही. वॉर्डन मॅडमही आमच्यासोबत आल्या. नोंदणीचे अधिकारी वयस्कर, मृदू बोलणारे होते. त्यांनी आधी पाणी दिलं.

"रजेचा अर्ज पोर्टलवर करायचा असतो," ते हिंदीत म्हणाले. "माहितीपुस्तिकेत आहे."

"वॉर्डन मॅडमना सांगून निघाली ती," मी म्हटलं.

"वॉर्डन हॉस्टेल पाहतात. नोंदणी आम्ही पाहतो."

मॅडम म्हणाल्या, "सर, मीच तिला जा म्हटलं. जागा कुठं जात नाही असंही मीच म्हटलं."

"मॅडम, तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली. रजा तुम्ही देऊ शकत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात बहिणीनं माझा हात दाबला आणि स्वतःच विचारलं. आवाज अगदी बारीक. "सर, त्या आठवड्यात सकाळच्या सभेत माझ्या बाबांचं नाव घेऊन प्रार्थना झाली. माझ्या रूममेटनं सांगितलं. तुम्ही होते का तिथं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "होतो."

"मग तुम्हाला माहीत होतं."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "कार्यालयाला कळवलेलं नव्हतं."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते, आजही चघळते. अख्ख्या विद्यापीठानं उभं राहून माझ्या बापासाठी डोळे मिटले. ज्या माणसाच्या हातात नोंदणी होती त्यानंही मिटले. मग डोळे उघडून तो आपल्या खोलीत गेला आणि आठवडा संपल्यावर त्याच बापाच्या पोरीची नोंदणी बंद झाली. त्यात त्याला काहीच विसंगत वाटलं नाही. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

पुन्हा प्रवेश मिळेल, म्हणाले. पण जे अभ्यासक्रम चालू आहेत त्यांतच आणि पहिल्या वर्षापासून. व्यवस्थापन घ्या, नाहीतर ईश्वरशास्त्र. उद्यानविद्येला आता पहिलं वर्षच नाही. परत यायची वाटच त्यांनी काढून टाकलेली.

वाशिमवरून परतताना जीप तीच होती, बाबांचा माल नेणारी. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "ताई, लहानीले वापस काहून आणलं?"

"अर्ज नव्हता केला," बहीणच बोलली.

"बाप मेल्यावर अर्ज करा लागते काय?"

मग त्यानं शेलूबाजार येईस्तोवर गाणं लावलं नाही.

आता ती मळ्यात काम करते. मायला मोटारीकडे जाऊ देत नाही, स्टार्टर स्वतःच दाबते, पायाखाली लाकडी फळी घेऊन. तिच्या बॅचची मुलं वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम बांधायला शिकताहेत. मैत्रीण फोटो पाठवते, ती उघडत नाही. शेजारचे काका आता थट्टा करत नाहीत, याचा मला जास्त त्रास होतो. आम्ही विद्यापीठाला विनंती केली आहे की शेवटची बॅच अजून वर्गात बसलेली आहे, तिला त्यांच्यासोबत बसू द्या. उत्तर नाही. ती बॅच पदवी घेऊन बाहेर पडली की विनंतीला अर्थ उरणार नाही, हे त्यांनाही कळतं.

तुम्ही कुठल्याही कॉलेजात शिकवत असाल, हॉस्टेल सांभाळत असाल, नोंदणीच्या खुर्चीवर बसत असाल, तर तुमच्याकडे माझी मागणी आहे. एखाद्या पोरीला घरून तसा फोन आला, की तिला गाडीत बसवण्याआधी तिचा रजेचा अर्ज तुम्ही स्वतः भरा, तिच्या डोळ्यांसमोर भरा. प्रार्थना त्यानंतर करा.