कप्पीला हात

"तू नुसते आकडे लिही. तुमच्या हातांचा घाम कप्पीला लागला की घर्षण वाढतं आणि उत्तर चुकतं."

सर हे मला सगळ्या वर्गासमोर म्हणाले. शांतपणे, विज्ञानाचा नियम सांगावा तसं. 'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं.

अकरावी सायन्सला मी पोलादपूरकडच्या कापडे गावातल्या बौद्धवाडीतून एस.टी.नं महाडला यायची. वर्षभर प्रयोग दुसऱ्या मुलीनं मांडायचा, मी लिहायचं. मला ते घर्षण खरं वाटलं होतं. घरी राखेनं हात घासायची, कातडी सोलवटेस्तोवर. आजोबांनी याच महाडात तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि मी एका पितळी चाकाला भीत होते. लाज वाटते सांगायला.

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रयोग वाट्याला आला. उभा फळा, दोन कप्प्या, तीन वजनं. दोन दोरे कोनात ओढतात. त्या दोन बलांचा समांतरभुज चौकोन काढायचा. त्याचा कर्ण म्हणजे परिणामी बल, ते मधल्या वजनाएवढं यायला हवं. सगळं तोंडपाठ. पण हातांना काहीच ठाऊक नव्हतं.

सर जवळ आले. हळूच म्हणाले, मी मांडून देतो, तू लिही, पास होशील. हो म्हणावंसं वाटत होतं.

"नको सर. मी मांडते."

मांडलं. कर्ण आखूड आला. त्या वर्षी परीक्षक बाई बाहेरच्या कॉलेजातून बोलावल्या होत्या. असं का आलं, त्यांनी विचारलं. मी वाकून पाहिलं. मधलं वजन फळ्याला घासत होतं. घर्षण तिथं होतं. माझ्या हातांत नव्हतं.

"बाई, वजन मोकळं लोंबायला हवं होतं. मला वर्षभर हात लावू दिला नाही, म्हणून कळलं नाही."

सरांकडे बघायची हिंमत झाली नाही. जेमतेम पास झाले. घरी बाबांचा चेहरा उतरला. "बारावीलापन तोच मास्तर हाय गो. गप ऱ्हायाचा व्हता."

जूनमध्ये पहिल्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांच्या आधी आत शिरले. दोरा कप्पीवरून घेतला. सर आले, जागेवर जायला सांगितलं.

"नाही जाणार. काढायचं तर वर्गातून काढा. आणि का काढलं, ते सगळ्यांसमोर बोला."