दोन्हीकडे सापडतील तेवढेच

इस्पितळात आमच्या आत्याला सगळे ‘यादीबाई’ म्हणतात. किडनीसाठी थांबलेल्यांची यादी गेली सहा वर्षं तीच काढते. संगणकात दोन तक्ते: एकात रुग्ण, दुसऱ्यात त्यांच्या रक्ततपासण्या. दोन्ही जोडले की कोण कितवा ते समोर येतं. जोडणीची ती ओळ आत्यानंच लिहिलेली, आणि तिला तिचा कोण अभिमान!

दर सोमवारी डायलिसिस उरकून एक शिंपी तिच्या खिडकीशी यायचा. “काय ताई, कितवा मी? साहेबांच्या मेव्हण्याच्या मागे ना?”

“येईल हो नंबर. तुमच्या ब्लाउजांपेक्षा तरी लवकर येईल.”

एका सोमवारी त्याचा चेहरा इतका सुजलेला, की थट्टा सोडून आत्यानं खरंच त्याचा क्रम शोधला. यादीत तो नव्हताच. रुग्णांच्या तक्त्यात होता, चार वर्षांपासून. पण तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये केलेली. कागद फायलीत, तक्त्यात नोंद नाही. आत्याच्या ओळीत ‘इनर जॉइन’ होतं: दोन्हीकडे सापडतील तेवढेच घे. बाकीचे गुपचूप गळतात. हवं होतं ‘लेफ्ट जॉइन’: रुग्ण सगळे घे, तपासणी नसेल तर जागा रिकामी ठेव.

तिनं तो एक शब्द बदलला. एकेचाळीस जण नव्यानं वर आले. मग तिनं मृत्यूंचा तक्ता जोडला. त्यातले सतरा तिथं सापडले.

हे सांगायला ती इस्पितळाच्या साहेबांकडे गेली. साहेब नाकातून बोलतात. “कसंय बाई, झालं ते झालं. आता नीट केलंत ना? मग कसंय, बोभाटा कशाला?”

शिंपी आता दुसरा लागत होता. पण ताज्या तपासणीनंतर डॉक्टरांनी लिहिलं: हृदयाला शस्त्रक्रिया झेपणार नाही.

पुढच्या सोमवारी तो आला. “कितवा, ताई?”

“दादा, तुम्ही यादीत नव्हताच. चार वर्षं. चूक माझी, मशीनची नाही. आणि आता डॉक्टर नाही म्हणतात.”

त्यानं खिडकीची कड धरली. “म्हणजे किडनी आल्याचा फोन चुकू नये म्हणून मी आंघोळीलासुद्धा तो आत न्यायचो, ते...”

“हो.”

“बायकोला काय सांगू?”

आत्यानं तक्रारीचा अर्ज बाहेर सरकवला.

“असलं मला लिहायला जमत नाही हो.”

अर्ज परत ओढून तिनंच भरला. ‘कोणाविरुद्ध’ तिथं स्वतःचं नाव घातलं. “सही तेवढी करा.”

त्यानं सही केली नाही. अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

“घरी विचारून सांगतो,” म्हणाला.