बंद पुडीतलं फर्मवेअर

आमच्या घरी तिखट पुडीतलं येतच नाई. सासूबाई भिवापूरच्या मिरच्या आणतात, देठं खुडतात, वाळवतात, अन् चक्कीवर दळून होईस्तोवर तिथंच उभ्या राहतात. आत काय पडलं ते डोळ्यानं दिसलं पायजे. लग्न झाल्यापासून मले बी तीच सवय लागली, अन् त्या सवयीनंच माह्यं काम जात होतं!

मी नववीपर्यंतच शिकलेली. पण मराठी टायपिंग माह्यं लय फास्ट. घरी बसून टायपिंगचं काम भेटाची टेस्ट होती, अकरा वाजता, ऑनलाइन. नणंदेनं तिचा जुना लॅपटॉप देल्ला. सकाळी ती त्याच्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकून राहिली होती, मी पोरीले मांडीवर घेऊन बाजूले. मधातच तिनं विचारलं, "वहिनी, फर्मवेअर कोणतं? फ्री का नॉनफ्री?"

"म्हणजे काय वं?"

"वायफायची चिप चालवाचं लहानसं सॉफ्टवेअर. फ्रीवालं कोणीबी उघडून वाचू शकते, सुधरवू शकते. नॉनफ्री कंपनी बंद करून देते. आत काय लिहिलं ते आपल्याले दिसत नाई."

"मंग नको बाप्पा! बंद पुडीतलं नको. फ्रीच टाक."

"पाहू, चालते का," ती म्हणे.

लॅपटॉप सुरू झाला, मस्त! पण वायफायच नाई.

नणंद म्हणे, "ह्या चिपसाठी फ्रीवालं बनलंच नाई, वहिनी. माह्या मोबाइलचं नेट केबलनं जोडून नॉनफ्री उतरवू, पण आत्ताच! मले कॉलेजले जाचं हाय, मोबाइल माह्यासंग जाईन."

माह्यापाशी तर बटनवाला मोबाइल. स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "आत काय हाय ते पाह्यलं का वं?"

"आई, ते दिसत नाई ना!"

"मंग कशाले घेऊन राहिल्या?"

मी नणंदेले विचारलं, "पोरीचे फोटो गिटो पाठवीन का ते कोणाले?"

नणंद म्हणे, "बाकी सारं लिनक्स खुल्लं हाय. ही एकच पुडी बंद. पाठवीन असं मले वाटत नाई, पण आत पाहून सांगतो म्हटलं तर खोटं होईन. बोल लवकर!"

हातचं काम जाते का काय! मी म्हटलं, "टाक!" अन् एंटर मीच दाबलं, डोये मिटून.

भराभर अक्षरं पयाले लागली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला, अन् वायफायची नावं दिसली! वरच्या घराचं, किराणावाल्याचं, अन् आमचं! मी अशी ओरडली का पोरगी दचकून रडाले लागली. नणंद चपला घालत पयाली, पोरगी सासूबाईच्या काखेत, अन् मी टेस्टले बसली. बोटं अशी चालली, अशी चालली, का विचारू नका! संध्याकाळी फोन आला, काम भेटलं.

सासूबाईले सांगतलं त पयले त्यायनं पेढा तोंडात कोंबला, मंग म्हणे, "त्या पुडीले झाकण लावता येते का, काम झाल्यावर?"

मी त्यायले वायफाय बंद करून दाखवलं. आता रोज काम पाठवून झालं का दारातूनच विचारतात, "लावलं का वं झाकण?"

"लावलं, आई."