आरोप नको, आळ लिहा

चौकशीत जबाब लिहून घेण्याचं काम मी इतकी वर्षं केलं, की ‘यांच्यावर असा आरोप आहे की’ हे शब्द हात आपोआप लिहायचा. एकदा समोर सुलभाबाई बसल्या होत्या. अंगणवाडीच्या सेविका. मुलांच्या आहारातलं तेल त्यांनी घरी नेलं, अशी तक्रार आली होती. मी पहिली ओळ वाचून दाखवली.

“भाऊ, आरोप नका लिहू,” त्या म्हणाल्या. “आळ लिहा.”

“एकच आहे ते, बाई.” दिवसातला तो माझा सातवा जबाब होता.

“एकच कसं? आरोप खराही निघतो. आळ खोटाच असतो.”

माझं पेन थांबलं. खरंच, किती शब्द आहेत आपल्याकडे! ठपका ठेवतात, आळ घेतात, बालंट तर नुसतं अंगावर येतं. आणि ज्याच्यावर येतं त्यालाच त्यातला फरक कळतो. पण सरकारी कागदाला एकच शब्द चालायचा. मी आरोपच लिहिलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. ‘आरोप सिद्ध होत नाही.’ पत्र न्यायला आलेल्या सुलभाबाईंनी ते दोनदा वाचलं.

“मी तेल नेलं नाही, असं यात कुठे आहे?”

“तसं लिहायची पद्धत नसते, बाई.”

त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. कारण म्हणून एकच वाक्य होतं: मी तेल नेलं नाही.